काहिलीतला भोवरा: पाण्याच्या फिरण्याची दिशा तपासणाऱ्या एका शालेय प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत घडले. शाळेचे, गावाचे आणि विद्यार्थ्यांचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. मी त्या शाळेत विज्ञान आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवत होते आणि या प्रकल्पाची मार्गदर्शक शिक्षिकाही मीच होते. त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या आहेत, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

वर्गात वाऱ्यांविषयी शिकवताना मी नेहमीप्रमाणे सांगितले की, पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारे मूळ दिशेच्या उजवीकडे वळतात आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी तिच्या आतेभावाच्या मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितीची हकिगत घेऊन आली. केनियातल्या नान्युकी या गावावरून विषुववृत्त जाते. तिथे एक माणूस तळाला भोक असलेले भांडे घेऊन रेषेच्या उत्तरेला काही पावले जातो आणि पाणी एका बाजूने फिरते. मग दक्षिणेला काही पावले येतो आणि तेच पाणी उलट्या बाजूने फिरते. पर्यटक टाळ्या वाजवतात. मुलीचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, मग आपल्या मोरीतलं पाणी बी कायम एकाच अंगानं फिरायला पाहिजे की?"

मी "हो, फिरत असणार" असे उत्तर दिले. हे उत्तर मी स्वतः कधी तपासलेले नव्हते. कॉलेजात असताना कुणाकडून तरी ऐकले होते आणि ते तर्काला धरून वाटले होते, एवढाच त्याला आधार होता. तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन तीन महिन्यांवर आले होते, विषय आकर्षक होता आणि साहित्याला खर्च नव्हता. त्या मुलीसह तिघांचा गट तयार झाला.

अडचण कशी लक्षात आली

गटाने चार ठिकाणे निवडली: शाळेच्या प्रयोगशाळेतले बेसिन, दोघांच्या घरची मोरी आणि तळाला भोक पाडलेले एक प्लास्टिकचे टब. दिशेच्या नावावरून आधी गोंधळ झाला, कारण घड्याळाच्या काट्यांची दिशा म्हटल्यावर मोबाइलवर आकडे पाहणाऱ्या मुलांना क्षणभर थांबावे लागत होते. त्यावर गटातल्याच एकाने तोडगा काढला. देवाला उजवा हात ठेवून आपण जसे फिरतो ती "प्रदक्षिणा" आणि तिच्या विरुद्ध ती "उलटी". वहीत "प्र" आणि "उ" अशी दोनच अक्षरे लिहायची. ही सोय इतकी चांगली होती की या लेखातही मी तीच वापरते आहे. उत्तर गोलार्धात अपेक्षित दिशा, म्हणजे चक्रीवादळाची दिशा, ही उलटी आहे.

तीन आठवड्यांनी शाळेच्या पातळीवर तक्ता लागला आणि त्यावर सगळीकडे "उ" होते. मला आनंद झाला, कौतुकही केले. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी मी मूळ वही उघडली तेव्हा एक पान समोर आले. त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदींवर आडवी रेघ मारलेली होती आणि त्या प्रत्येकीसमोर नीटनेटक्या अक्षरात "चूक" असे लिहिले होते. प्रयोगशाळेच्या बेसिनमधल्या तर जवळजवळ सगळ्याच नोंदी "प्र" होत्या आणि सगळ्याच खोडलेल्या होत्या. मुलीला विचारले तेव्हा तिने काहीही न लपवता सांगितले, "मॅडम, उलटं यायला पाहिजे होतं, ते आलं न्हाई, म्हणून चूक लिहिलं."

तिने लबाडी केली होती असे मला त्या क्षणीही वाटले नाही. उत्तर आधीच ठाऊक असेल, तर त्याच्याशी न जुळणारी नोंद ही चूकच असली पाहिजे, हे तिने आमच्याच गणिताच्या तासांतून उचलले होते. बेसिनमध्ये "प्र" येण्याचे कारणही पाहताक्षणी दिसले: नळ भिंतीशी एका बाजूला सरकलेला होता, धार भांड्याच्या उजव्या काठावर पडत होती आणि पाणी भरतानाच गोल फिरू लागत होते. भोक उघडेपर्यंत त्याची दिशा ठरून गेलेली असे. पृथ्वीचा त्यात काही संबंध नव्हता.

परिमाणाचा हिशेब

आमच्यासमोर आता दोन गोष्टी होत्या. पुस्तकातला नियम खरा होता आणि वहीतल्या खोडलेल्या नोंदीही खऱ्या होत्या. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळण्यासाठी जे गणित पहिल्याच दिवशी करायला हवे होते, ते आम्ही एका शनिवारी फळ्यावर केले.

पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, हे प्रमाणवेळेच्या पाठामुळे मुलांना तोंडपाठ असते. बेसिन रिकामे व्हायला साधारण १० सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात पृथ्वी एका अंशाचा चोविसावा भाग फिरते. त्यातही हे फिरणे सगळे आपल्या वाट्याला येत नाही. ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन दिवसाला एक पूर्ण गिरकी घेते, विषुववृत्तावरची जमीन स्वतःभोवती अशी गिरकी घेतच नाही, आणि मधल्या ठिकाणी हे प्रमाण अक्षांशाच्या साइनइतके असते. परभणीचा अक्षांश १९ अंशांहून थोडा अधिक, त्याचा साइन ०.३३, म्हणजे आपल्या पायाखालच्या जमिनीला एक गिरकी पूर्ण करायला सुमारे ७२ तास लागतात.

मग बळाचा हिशेब. बेसिनमधले पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने भोकाकडे जात आहे असे धरले, तर त्याला उजवीकडे ढकलणारा कोरिऑलिस परिणाम (पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांना वळवणारा तोच परिणाम) गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीस लाखांत एक भाग भरतो आणि १० सेकंदांत पाणी त्यामुळे पाव मिलिमीटर सरकते. वीस लाखांत एक म्हणजे किती, हे मुलांना कळेना. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचे वडील गवंडीकाम करतात, म्हणून मी उतारात सांगितले: दोन किलोमीटर अंतरात एक मिलिमीटर उतार दिला, तर पाण्याला जेवढी ओढ लागेल तेवढी ही ओढ आहे. तिने ते घरी सांगितले. सोमवारी वडिलांचे उत्तर घेऊन आली: "एवढी पाणसळ कुणाच्या बापाला धरता येत न्हाई." माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले हे सर्वांत नेमके शास्त्रीय विधान आहे. मोरीचा उतार, भोकाची कड, नळाची धार, बूच काढताना हाताला बसलेला हिसका, यांतली प्रत्येक गोष्ट त्या ओढीपेक्षा हजारो पटींनी मोठी असते.

तेच बळ वाऱ्याला का वळवते, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. बंगालच्या उपसागरातून निघून मराठवाड्यावर पाऊस आणणारे कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि कित्येक दिवस टिकते, त्यामुळे त्या क्षीण ओढीला काम करायला अंतर आणि वेळ दोन्ही मिळतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत, तेही याच कारणाने. ज्याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो त्या गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिसने १८३५ साली हे गणित मांडले ते फिरणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात. वारे आणि वादळे त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

केनियाच्या चित्रफितीचाही निकाल लागला. विषुववृत्तापासून २० मीटरवर उभे राहिले, तर तिथल्या अक्षांशाचा साइन इतका लहान येतो की परिणाम परभणीच्या तुलनेत सुमारे एक लाखांश उरतो. जो परिणाम परभणीच्या मोरीत दिसत नाही तो त्याच्या लाखाव्या हिश्श्यात दिसणे शक्य नाही. भांडे घेऊन वळताना अंग कोणत्या बाजूने वळवले, किंवा पाणी कोणत्या काठाने ओतले, यावर तिथली दिशा ठरते. चित्रफीत पुन्हा पाहिली तेव्हा तो माणूस उत्तरेला एका खांद्यावरून वळतो आणि दक्षिणेला दुसऱ्या, हे मुलांनीच दाखवून दिले.

विचारात घेतलेले पर्याय

प्रदर्शनाला आता सात आठवडे उरले होते. खोडलेल्या नोंदींचा तक्ता तसाच पाठवणे हा पर्याय होता, आणि तो कोणी उघडपणे मांडला नसला, तरी "एवढ्या खोलात कोण जातंय" या शब्दांत तो शिक्षक खोलीत दोनदा येऊन गेला. तो मी बाजूला ठेवला. विषयच बदलावा, हा दुसरा मार्ग होता. सौर चूल किंवा ठिबक सिंचनाची प्रतिकृती आठवड्यात उभी राहते आणि अशा प्रतिकृतींना क्रमांकही मिळतात. मुलांचा मात्र त्याला ठाम नकार होता.

तिसरा पर्याय लोलकाचा. १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथेऑनमध्ये लांब लोलक टांगून पृथ्वीचे फिरणे लोकांना डोळ्यांनी दाखवले होते. आपल्या अक्षांशावर लोलकाच्या झोक्याचे प्रतल तासाला सुमारे ५ अंश वळले पाहिजे, म्हणजे दोन-तीन तासांत फरक दिसेल. गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत पन्नास फुटी दोर सोडून हे करता येईल, ही मुलांची कल्पना मला मनापासून आवडली होती, परंतु कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर तीन तास मुले उभी करण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली नाही, आणि ते योग्यच होते.

चौथा पर्याय मूळ प्रश्नाशी प्रामाणिक होता: गडबड कमी करत नेली, तर पाण्यातच तो परिणाम दिसतो का? हे कोणी करून पाहिले आहे का, याचा शोध घेतला तेव्हा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अ‍ॅशर शापिरो यांचा १९६२ सालचा प्रयोग सापडला. त्यांनी ६ फूट व्यासाच्या सपाट टाकीत ६ इंच पाणी भरले आणि तळाच्या मध्यभागी इंचाच्या तीन अष्टमांश व्यासाचे भोक ठेवून त्याला लांब नळी जोडली. पाणी भरताना मुद्दाम प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवले, वर प्लास्टिक झाकले आणि २४ तास थांबून नळीचे खालचे तोंड उघडले. टाकी रिकामी व्हायला २० मिनिटे लागत. पहिली १२ ते १५ मिनिटे काहीच दिसत नसे. मग भोकावर तरंगणारी खूण हळूहळू उलटी फिरू लागे आणि शेवटी तिला एका फेऱ्याला तीन-चार सेकंद लागत. दोन तासांतच नळी उघडली, तर मात्र भरतानाची दिशाच उमटे. १९६५ साली ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात अशाच टाकीत प्रयोग झाला आणि तिथे पाणी प्रदक्षिणेच्या दिशेने फिरले. म्हणजे गोलार्धांचा फरक पाण्यात खरोखर आहे. पण तो पाहायचा, तर मोरी सोडून दिवसभर निश्चल राहिलेल्या टाकीपाशी जावे लागते.

मी चौथा पर्याय निवडला. त्यात एक अडचण अशी होती जी शापिरो यांना नसावी. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, शाळेचे बोअर नोव्हेंबरातच हवा ओकू लागले होते आणि पाणी टँकरने येत होते. एका खेपेला अडीचशे लिटरहून अधिक, म्हणजे सव्वा टिपाड पाणी लागणार होते. ज्या गावात बायका टिपाडाच्या हिशेबाने दिवस मोजतात, तिथे पोरांनी पाणी "सोडून बघायचे", हे कुणालाच रुचले नसते. म्हणून खिडकीच्या खालच्या अंगाला झाडांसाठी जो हौद होता त्यातच नळीचे तोंड सोडायचे आणि प्रयोगाचे सगळे पाणी झाडांना द्यायचे, असे ठरले. झाडांना तेवढे पाणी तसेही आठवड्याला लागतच होते.

प्रत्यक्ष कृती

टाकी मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. गटातल्या एका मुलाच्या आजोबांच्या गुऱ्हाळावर उसाचा रस आटवण्याची जुनी काहील तळाला भोक पडून दोन वर्षे उपडी पडली होती. तळ सपाट, व्यास पाच फुटांचा, कडा बाहेर झुकलेल्या. आजोबा म्हणाले, "भंगारात घालायचीच हाय, न्या. पण त्यात पाणीच आटवायलेत म्हणल्यावर लोक मला हसतील." तालुक्याच्या गावी वेल्डरकडून जुने भोक बुजवून घेतले, मध्यभागी एक सेंटिमीटरचे नवे भोक पाडले आणि खाली नळी बसवण्यासाठी लोखंडी तोटी जोडून घेतली. गणिताप्रमाणे, अक्षांश आणि काहिलीचा व्यास धरता, सगळे बिनचूक झाले तर शेवटी एका फेऱ्याला बारा-एक सेकंद लागायला हवे होते.

जागा म्हणून पोषण आहाराच्या तांदळाची कोठी मिळाली, कारण शाळेत पत्र्याऐवजी स्लॅब असलेली तेवढी एकच खोली होती. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या पत्र्याखाली पाण्यात वर-खाली प्रवाह सुरू होतात आणि परभणीकडची डिसेंबरातली रात्र चांगलीच गार असते. खोली शनिवारी सकाळची शाळा सुटल्यापासून सोमवारपर्यंत बंद ठेवता येत होती. सिमेंटच्या ठोकळ्यांवर काहील ठेवली आणि मुलीच्या वडिलांनी स्वतः येऊन पाणसळ लावून ती चहूबाजूंनी समतल करून दिली. पाणी बादल्यांनी भरल्यावर लाकडी पट्टीने मुद्दाम प्रदक्षिणेच्या दिशेने ढवळायचे ठरले, म्हणजे शेवटी दिशा उलटी आली, तर ती भरण्याच्या गतीमुळे आली असे कुणाला म्हणता येणार नाही.

खूण कशाची करावी यावर बराच वेळ गेला. कागद भिजून बसत होता, थर्माकोल वाऱ्याच्या झुळुकीने सरकत होता. अखेर मुलीने ज्वारीच्या धांड्याचा पांढरा भेंड काढून त्याच्या बोटभर लांबीच्या दोन काड्या एकमेकींत अडकवल्या. लहानपणी आम्ही सगळ्यांनी याच भेंडाच्या बैलगाड्या केलेल्या आहेत. एका टोकाला कुंकू लावले. ते पांढरे फूल पाण्यावर सोडले की भोकाच्या बरोबर वर तरंगत राही आणि लाल टोक तासाच्या काट्यासारखे वाचता येई.

पहिल्या खेपेला घाई झाली. गावातली काही मंडळी पाहायला आली होती, उद्यापर्यंत थांबायला कुणी तयार नव्हते आणि मी दोन तासांतच नळी उघडायला परवानगी दिली. फूल पहिल्या मिनिटापासून प्रदक्षिणेच्या दिशेने फिरले. पाहणाऱ्यांपैकी एकाने "झाला का प्रयोग?" असे विचारून घरचा रस्ता धरला. प्रयोग म्हणून ती खेप वाया गेली नाही. ढवळलेले पाणी दोन तासांनंतरही आपली गती विसरत नाही, हे तिने मुलांना माझ्या बोलण्यापेक्षा चांगले पटवले.

पुढच्या तीन खेपा तीन रविवारी, प्रत्येकी पूर्ण २४ तासांनी झाल्या. नळीचे बूच खोलीबाहेर, हौदाच्या बाजूने काढले जाई, म्हणजे पाण्याला धक्का लागत नसे. आत फक्त एक जण श्वास जपून फुलाकडे पाहत बसे. काहील रिकामी व्हायला सुमारे अर्धा तास लागे.

दुसऱ्या खेपेत वीस मिनिटे काहीही झाले नाही. नंतर लाल टोक दाराच्या दिशेने होते ते खिडकीच्या दिशेने सरकले, मग भिंतीकडे, आणि शेवटची काही मिनिटे फूल संथपणे उलटे फिरत राहिले. मुलगी बाहेर आली तेव्हा तिला बोलता येईना. तिने नुसते बोट हवेत उलटे फिरवून दाखवले. तिसऱ्या खेपेतही उलटी दिशाच आली, थोडी अधिक संथ. चौथ्या खेपेत, प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी, फूल आधी काठाकडे भरकटले, परत आले आणि प्रदक्षिणेच्या दिशेने फिरले.

कारण शोधण्यात सोमवार गेला. काहील समतल होती, झाकण जागेवर होते, दार कोणी उघडले नव्हते. कारण सापडले नाही.

निष्पत्ती

चौथ्या खेपेचे काय करायचे, हा प्रश्न मी मुलांवर सोडला आणि गप्प राहिले. तिघांची चर्चा फार वेळ चालली नाही. तक्त्यावर चारही खेपा लिहिल्या गेल्या, आणि शिवाय मुलीने आपल्या आधीच्या वहीचे ते पान, आडव्या रेघांसकट आणि "चूक" या शब्दासकट, तक्त्याच्या बाजूला टाचणीने लावले. ते पान लावण्याची सूचना माझी नव्हती, आणि इतके धैर्य माझ्यात होते असेही मी म्हणणार नाही.

चोवीस तासांच्या तीन खेपांपैकी दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तिन्ही उलट्या आल्या असत्या, तरी नाणे तीनदा उडवून तीनदा छापा येण्याची शक्यता आठात एक असतेच. हे वाक्य मुलांनी निष्कर्षाच्या चौकटीत जवळपास याच शब्दांत लिहिले आणि त्याखाली शापिरो आणि सिडनीच्या प्रयोगांचे निष्कर्ष वेगळ्या रंगात, "आमचे नाही" अशा शेऱ्यासह दिले.

परीक्षकांपैकी एकांनी तक्ता वाचून विचारले, "मग सिद्ध काय झालं, बाळा?" मुलीने सांगितले, "मोरीत बघून हे कळत न्हाई, एवढं झालं, सर." प्रकल्पाला क्रमांक मिळाला नाही. शाळेत थोडी कुरबुर झाली आणि सात आठवडे "पाण्यात घालवल्याचा" विनोद बरेच दिवस चालला. दुसऱ्या परीक्षकांनी मात्र जाताना वहीच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. कशासाठी, ते मी विचारले नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली आणि सर्वांत महाग जागा म्हणजे माझे "हो, फिरत असणार". तिथे "बघू या" म्हटले असते, तर मुलांना उत्तर आधी मिळाले नसते आणि वहीत "चूक" हा शब्द आलाच नसता. त्याच दिवशी फळ्यावर दहा मिनिटांचा परिमाणाचा हिशेब केला असता, तर बेसिनच्या नोंदींचे तीन आठवड्यांचे श्रम वाचले असते. तरीही त्या नोंदी वाया गेल्या असे मी आज म्हणत नाही, कारण नळाची धार दिशा ठरवते हे मुलांनी स्वतः त्यांतूनच पाहिले.

दुसरी जागा निरीक्षणाची. फुलाकडे पाहत बसणाऱ्या मुलाला कोणती दिशा "बरोबर" आहे हे तिन्ही खेपांत माहीत होते. ज्याला प्रकल्पाविषयी काहीच ठाऊक नाही अशा पाचवीच्या मुलाला बसवून, लाल टोक दर मिनिटाला दार, खिडकी, भिंत की पोती यांपैकी कशाकडे आहे एवढेच लिहायला सांगायला हवे होते. दिशा नंतर कागदावरून काढता आली असती.

तिसरी चूक तांत्रिक आहे आणि ती मला प्रदर्शनानंतर सुचली. पाणी प्रत्येक वेळी प्रदक्षिणेच्याच दिशेने ढवळले, त्यामुळे चौथ्या खेपेतली प्रदक्षिणा ही उरलेली गती होती, थंडीने सुरू झालेला प्रवाह होता की आणखी काही, हे सांगण्याचा मार्गच राहिला नाही. एका खेपेला प्रदक्षिणेच्या दिशेने आणि दुसरीला उलटे ढवळले असते, तर भरण्याची आठवण वेगळी काढता आली असती. वेल्डिंगची एक बारीक गुठळी भोकाच्या कडेला राहिली होती, तीही आम्ही काहील परत करताना बोट फिरवले तेव्हाच हाताला लागली. कानशीने दोन मिनिटांत ती गेली असती. आणि खोलीत तापमापी ठेवायला काहीच खर्च नव्हता.

पाच फुटांची काहील आणि १९ अंशांचा अक्षांश हा मुळातच अवघड जोड होता. शापिरो यांच्या ४२ अंशांवर हा परिणाम आपल्यापेक्षा दुप्पट असतो, त्यामुळे त्यांना जे २४ तासांत साधले त्यासाठी आपल्याला अधिक शांत खोली आणि कितीतरी अधिक खेपा लागल्या असत्या. पृथ्वीचे फिरणे दाखवणे हाच हेतू असता, तर मी आज लोलकाकडे जाईन. विहीर नको, बाजार समितीच्या धान्य गोदामाच्या कैचीला वीस फुटी तार बांधली, तरी दुपारभरात दहा-पंधरा अंशांचा फरक जमिनीवर खडूने आखता येईल. मात्र मुलीने विचारले होते ते पाण्याविषयी, आणि लोलकाने तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते.

शेवटची जागा चौथ्या खेपेनंतरची. पाचवी खेप घेऊन प्रदर्शनाला जाण्याइतके पाणी आमच्याकडे होते, पण ती "उ" येईल या आशेने घ्यायची होती, म्हणून मी ती घेऊ दिली नाही. याविषयी माझे मत अजूनही डळमळते. आज तोच प्रसंग आला, तर मी पाचवी खेप घेऊ देईन, मात्र बूच काढण्यापूर्वी तक्त्यावर पाचवी ओळ शाईने आखून घ्यायला लावीन.